बोटीच्या सीटवरची छिद्रे : आधी ओल काढा, मग ठिगळ लावा

जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या जलाशयाकाठी राहणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग असा :

‘दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघा भावांनी कोकणातून एक जुनी फायबरची बोट आणली. मासेमारीसाठी आणि घरी आलेल्या पाहुण्यांना पाण्यावर फिरवून आणण्यासाठी ती वापरतो. तिच्या दोन्ही सीटना पांढरे रेक्झिन आहे. गळ टोचून, माशांचे काटे लागून आणि एकदा हातातून पेचकस पडून त्यावर सात-आठ भोके पडली आहेत. काही सुईच्या टोकाएवढी आहेत, काही ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि एक हरभऱ्याएवढे आहे. मागच्या बाजूची शिवणही चार बोटे उसवली आहे. सीटवर बसले की पँट ओली होते. धाकट्या भावाने एका भोकावर शेतातल्या पाइपाला लावतात ते सोल्युशन लावले, पण आठ दिवसांत ते कडक होऊन तडकले. दुकानदार म्हणतात, दोन्ही सीट नव्याने करून घ्या. सध्या तेवढा खर्च झेपणारा नाही. ही दुरुस्ती घरच्या घरी होईल का? आणि ती पावसाआधी करावी की पाऊस सरल्यावर?’

सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी दुरुस्ती होईल आणि ती मृगाच्या आधीच उरकावी, हे दोन्ही प्रश्नांचे उत्तर सुरुवातीलाच देऊन ठेवतो. शिवण मात्र आपल्या हातची नाही. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

आपल्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य भोकांविषयीचे नाही, ‘बसले की पँट ओली होते’ हे आहे. याचा अर्थ आतल्या फोममध्ये पाणी साठलेले आहे आणि आपण बसलात की ते दाबाने त्याच भोकांतून वर येते. अशा सीटची भोके बुजवली तर आत येणारे पाणी थांबेल हे खरे, पण आत असलेले पाणीही तिथेच कोंडले जाईल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली ती गत होईल. सीटच्या आत किती पाणी मावते याचा सहसा कोणाला अंदाज नसतो, म्हणून एक हिशेब मांडून पाहू. सीटचा फोम 60 सेंटिमीटर लांब, 45 सेंटिमीटर रुंद आणि 8 सेंटिमीटर जाड धरला, तर त्याचे आकारमान 21,600 घन सेंटिमीटर, म्हणजे साडेएकवीस लिटरांहून थोडे अधिक भरते. हा फोम स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा असतो. तो निम्मा जरी भिजला तरी एका सीटमध्ये दहा किलोंहून अधिक पाणी बसते. म्हणजे लहान बोटीत दोन सीट मिळून वीस किलोंचे ओझे आपण रोज उगाच वाहत आहात, आणि त्या ओलीत खालचे प्लायवूड दिवसेंदिवस कुजत आहे.

उमेदवारीच्या काळात मी स्वतः ही चूक केलेली आहे. भर श्रावणात एका काळी-पिवळी जीपची मागची सीट दुरुस्तीला आली. गाडी दुसऱ्या दिवशी फेरीवर जायची होती. मी वरून रेक्झिन पुसून कोरडे केले, भोकांना नीट ठिगळे लावली आणि सीट परत दिली. ठिगळे उत्तम बसली होती, एकही निघाले नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात तीच सीट पुन्हा आली तेव्हा खालचे प्लाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे हातात येत होते, आणि फोमला असा कुबट वास होता की तो दुकानाच्या बाहेर नेऊन टाकावा लागला. त्या माणसाला दुप्पट खर्च पडला, आणि तो माझ्यामुळे पडला. तेव्हापासून ओली सीट मी बुजवत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी.

म्हणून पहिले काम सीट बोटीतून काढण्याचे. ती सहसा खालून स्क्रूने बसवलेली असते. उलटी केली की प्लायच्या कडेने रेक्झिन आत दुमडून स्टेपल पिना मारलेल्या दिसतील. एका बाजूच्या, शक्य असल्यास तीन बाजूंच्या पिना सपाट पेचकसाने अलगद उचलून पकडीने ओढून काढाव्यात आणि फोम बाहेर घ्यावा. फोम पिळू नये, पिळल्याने तो फाटतो. दोन फळ्यांमध्ये ठेवून वरून गुडघ्याने दाबला की बरेचसे पाणी निथळते. नंतर तो वारा खेळता असेल अशा सावलीत, जमिनीपासून उंच, खाटेवर किंवा जाळीवर उभा ठेवावा. रेक्झिनचे कव्हर वेगळे, आतली बाजू वर करून वाळवावे. वरची बाजू मे महिन्याच्या उन्हात तापवू नये, त्याचे कारण खाली येईलच.

वाळला की नाही हे हाताला कळत नाही, कारण वरून कोरडा लागणारा फोम मध्यभागी ओला असतो. आपल्याकडे कापूस मोजायचा ताणकाटा घरोघरी असतो. फोम पिशवीत घालून रोज त्याच वेळी काट्याला लावावा आणि वजन लिहून ठेवावे. दोन दिवस लागोपाठ वजन उतरले नाही की फोम वाळला असे समजावे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आपल्या भागात हे काम तीन-चार दिवसांत होते. श्रावणात पंधरा दिवस ठेवला तरी होत नाही, उलट बुरशी धरते. पावसाआधी काम उरकावे असे मी म्हटले ते एवढ्याचसाठी. वाळल्यावरही फोमचा वास जात नसेल किंवा तो बोटांनी कुस्करला जात असेल, तर तेवढा बदलावा. दुकानात ‘40 डेन्सिटी’चा फोम मागितला की बसण्याजोगा मिळतो. प्लायमध्ये टोचणी सहज आत शिरत असेल तर तेही बदलावे, आणि नवे घेताना त्यावर आयएस 710 हा शिक्का पाहून घ्यावा. मरीन प्लायचे भारतीय मानक ते आहे.

आता रेक्झिनविषयी. आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो ते आज व्हिनाइल असते, म्हणजे विणलेल्या पॉलिस्टर कापडावर चढवलेला मऊ पीव्हीसीचा थर. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या मालाचे नाव होते आणि तो माल सेल्युलोज नायट्रेटचा लेप दिलेल्या कापडाचा असे. माल बदलला, नाव आपल्या तोंडी राहिले. पीव्हीसी स्वभावतः कडक असते. अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत काम करणाऱ्या वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने 1926 मध्ये त्याला मऊ करण्याची रीत शोधली. त्यात तेलासारखा एक द्रव मुरवतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये हा द्रव शिरून बसतो, म्हणून ते वाकते, ताणते आणि परत जागेवर येते. ऊन आणि उष्णतेने हाच द्रव हळूहळू बाहेर पडत जातो, आणि मग सीट कडक होऊन तडे जातात. वरची बाजू उन्हात तापवू नका, असे म्हटले ते यासाठी.

हे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, आपल्या भावाने केलेला उपाय का फसला याचे उत्तर यातच आहे. पाइपही पीव्हीसीचा आणि सीटही पीव्हीसीची, तेव्हा एकाचे सोल्युशन दुसऱ्याला चालेल, हा त्यांचा विचार तर्काला धरून होता. पण पाइपाच्या पीव्हीसीत प्लास्टिसायझर नसतो. त्याचे सोल्युशन पृष्ठभाग विरघळवून दोन कडक वस्तूंना एकजीव करते आणि वाळल्यावर स्वतःही कडक होते. मऊ रेक्झिनवर ते लावले की तेवढी जागा चुरमुडते आणि काचेसारखी ताठ होते, भोवतालचे रेक्झिन मात्र बसणाऱ्याच्या वजनाने रोज शेकडो वेळा वाकत राहते. ताठ आणि मऊ यांच्या सीमेवरच तडा जातो. ट्यूबमधल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचेही असेच होते. पंक्चरवाल्याकडच्या रबर सोल्युशनची अडचण उलटी आहे. ते मऊ राहते, पण रेक्झिनमधला प्लास्टिसायझर त्यात उतरत जातो, सोल्युशन लिबलिबीत होते आणि उन्हाळ्यात ठिगळ जागचे सरकते. तेव्हा हवे ते असे चिकटवण, जे वाळल्यावरही लवचीक राहील आणि ज्यावर मऊ पीव्हीसीसाठी किंवा व्हिनाइलसाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख असेल. हवा भरायच्या पीव्हीसी बोटींना आणि पोहण्याच्या तलावांना लावतात ते पॉलियुरेथेन जातीचे चिकटवण चांगले. भोक वरून भरण्यासाठी द्रवरूप व्हिनाइल निराळे मिळते. तालुक्याला सीट कव्हरच्या दुकानात विचारावे, तिथे नसेल तर ‘व्हिनाइल रिपेअर’ या नावाने ऑनलाइन मागवता येते. त्यातला जलरोधक प्रकार घ्यावा. घरातल्या सोफ्यासाठी असतात ते पाण्यात पातळ होणारे लेप बोटीवर टिकत नाहीत.

काम सुरू करण्याआधी भोकाभोवतीची चार बोटे जागा साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावी, वाळवावी आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने एकदा पुसावी. माशांचा चिकटा, अंगाचे तेल आणि चकाकीसाठी मारलेला पॉलिश यांपैकी काहीही उरले तरी ठिगळ धरत नाही. थिनर, पेट्रोल किंवा अ‍ॅसिटोन यांना हातही लावू नये. डाग त्यांनी निघतो, पण त्याबरोबर रेक्झिनचा मऊपणाही जातो.

सुईच्या टोकाएवढ्या भोकांना ठिगळाची गरज नाही. द्रव व्हिनाइलचा एक थेंब काडीच्या टोकावर घेऊन भोकावर ठेवावा, काडीनेच किंचित आत ढकलावा, वर आलेला भाग पुसून घ्यावा आणि वाळू द्यावे. वाळल्यावर तो थेंब बसतो आणि खळगी पडते, तेव्हा पुन्हा एक थेंब. दोन-तीन वेळा करावे लागेल. एकदाच जाड थर दिला तर वरून साय धरते आणि आत ओले राहते.

ज्वारीच्या दाण्यापासून पुढच्या भोकांना आतून आधार द्यावा लागतो. आपले हरभऱ्याएवढे भोक आणि भावाने सोल्युशन लावलेली जागा, दोन्हींना हीच रीत. कडक झालेला भाग ओरबाडू नये. धारदार ब्लेडने तो गोलाकार कापून काढावा. भोक थोडे मोठे होईल, पण कडा मऊ आणि निरोगी मिळतील. कोपरे असलेले भोक पुढे फाटत जाते, गोल भोक फाटत नाही, हे इथेही आणि ठिगळ कापतानाही लक्षात ठेवावे. आधारासाठी खेळाच्या जुन्या पॉलिस्टर जर्सीचे कापड उत्तम, कारण रेक्झिनचे स्वतःचे अस्तरही तसेच विणलेले आणि ताण घेणारे असते. सुती कापड घेऊ नये, ते पाणी धरून कुजते. भोकाच्या कडेपासून सगळीकडे दीड-दोन सेंटिमीटर जास्त असेल एवढा गोल तुकडा कापावा. कव्हर काढलेलेच असल्याने आपले काम सोपे आहे : आतल्या बाजूला आणि तुकड्याला पातळ चिकटवण लावून, डब्यावर लिहिला आहे तेवढा वेळ थांबून, तुकडा मध्यापासून कडेकडे दाबत बसवावा. कव्हर न काढता करायचे झाले, तर तुकडा चिमट्यात गुंडाळी करून भोकातून आत सरकवावा लागतो आणि आत उलगडावा लागतो. ते जमते, पण हात बसायला वेळ लागतो.

मग कव्हर पालथे करून सपाट फळीवर ठेवावे. भोकाच्या वरच्या बाजूने चिकटवण झिरपले तर फळीला चिकटू नये म्हणून खाली दुधाच्या पिशवीचा तुकडा अंथरावा. वर दुसरी छोटी फळी आणि तिच्यावर एक वीट ठेवून रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी सुलटे करून पाहिले की भोकाच्या तळाशी जर्सीचे कापड दिसेल आणि कडा एकमेकींच्या समोर सपाट बसलेल्या असतील. त्या उथळ वाटीत द्रव व्हिनाइलचे पातळ थर एकावर एक द्यावेत, शेवटचा थर भोवतालच्या रेक्झिनशी बोट फिरवल्यावर समपातळीत लागेपर्यंत. पांढरा रंग जुन्या सीटशी तंतोतंत जुळणार नाही, कारण आपली सीट उन्हाने पिवळसर झालेली असणार. कणभर पिवळा आणि त्याहून कमी तपकिरी मिसळून आधी दुमडलेल्या, न दिसणाऱ्या कडेवर लावून पाहावा. माझ्या मते रंगासाठी फार जीव काढू नये, बोटीच्या सीटने पाणी अडवावे हे पुरे.

चिकटवणाच्या वाफा डोक्यात जातात आणि पेटही घेतात. काम अंगणात करावे, बोटीच्या इंजिनापासून आणि पेट्रोलच्या कॅनपासून दूर, आणि तेवढा वेळ जवळपास कोणी बिडी पेटवू नये.

आता शिवण. चार बोटे उसवलेल्या शिवणीवर वरून चिकटवण फासू नये. शिवणीवर बसणाऱ्याचा सगळा ताण येतो आणि नुसता गोंद तो घेत नाही, शिवाय पुढे ती शिवायची वेळ आली की गोंदाने भरलेल्या जागेत सुई चालत नाही. कव्हर काढलेलेच आहे, तेव्हा तेवढे सुटे कव्हर घेऊन सीट कव्हरवाल्याकडे जावे. तो जुन्याच भोकांतून जाड सुईने मशीन मारून देईल आणि पूर्ण सीटच्या मानाने पैसेही किरकोळ घेईल. दोरा मात्र आपण आग्रहाने जाड पॉलिस्टरचाच लावायला सांगावा. सुती दोरा ऊन-पाण्यात एखाद्या वर्षात कुजतो, आणि आपली शिवण अशाच कारणाने गेली असण्याचा दाट संभव आहे. शिवून आल्यावर आतल्या बाजूने शिवणीवर व्हिनाइलच्या चिकटवणाची एक पातळ रेघ ओढून घ्यावी.

तरीही एक गोष्ट मनाशी ठेवावी. शिवण म्हणजे सुईने ओळीत पाडलेली शेकडो भोकेच असतात. सगळी ठिगळे निर्दोष बसली तरी थोडे पाणी तिथून आत जाणारच. म्हणून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवणे हे ठिगळाइतकेच मोलाचे काम आहे, आणि बहुतेक जण तेच विसरतात. सीट पुन्हा बांधण्याआधी प्लाय उलटे करून पाहावे. त्याला भोके नसतील तर 10-12 मिलिमीटरची चार-पाच भोके पाडावीत, भोकांच्या आतल्या कडांना आणि प्लायच्या चारी कडांना तेलरंगाचे दोन हात द्यावेत. फोम प्लास्टिकच्या पिशवीत पूर्ण गुंडाळून टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. मी तो देणार नाही. प्लास्टिक वरून आणि बाजूंनी घातले तर चालेल, खालची बाजू उघडीच हवी. कव्हर परत ताणताना प्रत्येक बाजूच्या मध्यावर पहिली पिन मारावी आणि तिथून कोपऱ्यांकडे जावे, म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत. पिना स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. साध्या लोखंडी पिना गंजतात आणि गंजाचे डाग पांढऱ्या रेक्झिनवर उतरतात.

दुरुस्तीनंतर दोन-तीन दिवस सीटवर कोणी बसू नये. त्यानंतर तांब्याभर पाणी ठिगळावर ओतून, हाताने दाबून, खालच्या भोकांखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद धरून पाहावा. कागद कोरडा राहिला तर सीट बोटीवर चढवावी.

बोट उभी असते तेव्हा सीटवर ताडपत्री टाकावी, पण ती कडेने थोडी उघडी राहू द्यावी, नाहीतर खाली वाफ धरते. गळासाठी बोटीच्या काठाला एक जाड बूच ठोकून ठेवावे आणि वापर नसताना सगळे गळ त्यात रोवावेत. सीटमध्ये गळ रुतलाच तर सरळ उपसू नये. त्याचा उलटा काटा रेक्झिन फाडत वर येतो आणि टोचणीएवढे भोक ज्वारीच्या दाण्याएवढे होते. दोरी कापून टाकावी, गळाचा दांडा खाली सीटकडे दाबावा म्हणजे काटा मोकळा होतो, आणि आला त्याच वाटेने हळूच मागे घ्यावा.

दुकानदाराचे म्हणणे अगदीच खोटे नाही, हेही सांगितले पाहिजे. कव्हर काढल्यावर ते मधोमध दुमडून पाहा. घडीवर बारीक तड्यांचे जाळे उमटले, तर रेक्झिनमधला मऊपणा संपला आहे आणि आज ठिगळ लावलेल्या जागेच्या शेजारी उद्या नवी भेग पडेल. तसे असेल तर भोकांवर पैसे घालवू नका. फोम आणि प्लाय तेवढे वाळवून ठेवा, आणि रेक्झिन घेताना गाड्यांचे साधे न घेता मरीन म्हणून येते ते मागवा. त्यात उन्हाला आणि बुरशीला तोंड देणारी द्रव्ये घातलेली असतात. जुने कव्हर मात्र टाकून देऊ नका. शिवण उसवून त्याचे सुटे तुकडे करा आणि कारागिराकडे घेऊन जा. नवे कव्हर बेतायला त्याहून नेमके माप त्याला दुसरे कुठले मिळणार नाही.